जुन्या गाडीचा रंग : परवडणारे दुकान निवडताना काय पाहावे?

व्यापारात मालाला जितके महत्त्व आहे, तितकेच तो माल बाजारापर्यंत नेणाऱ्या गाडीलाही आहे. तरीही असे आढळून येते की, आपले व्यापारी बंधू मालाची खरेदी करताना दहा दुकाने फिरतात, भाव काढतात, कापड हातात चोळून पाहतात. परंतु गाडीला रंग द्यायची वेळ आली की पहिला जो कमी भाव सांगेल त्याच्या दारात गाडी उभी करून मोकळे होतात. ही चूक आम्हीही केली आहे. तिची किंमत आम्ही मोजली. ती किंमत इतरांना मोजावी लागू नये, एवढ्यासाठीच हा लेख.

खामगाव हे कापसाचे गाव. १८७० साली जलंबहून येथे रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठीच. आता कापसाच्या आणि कापडाच्या गाठी बहुतेक रस्त्यानेच येतात-जातात. सुरत, मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील माल ट्रान्सपोर्टने खामगावात उतरतो आणि पुढे नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, चिखली, मेहकर या भागांतील बाजारांत आपल्याच लहान गाड्यांतून जातो. यांतील कित्येक गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या आहेत. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि कर्ज काढून घ्यावी असेही प्रत्येकाला वाटत नाही. मग जुनी गाडी नीट ठेवणे हाच मार्ग उरतो.

आमच्यावर काय गुजरली

आमच्याकडे २००८ सालची मालवाहू मारुती ओम्नी आहे. या गाडीचे उत्पादन कंपनीने २०१९ साली बंद केले. परंतु बंद डब्याची, कमी खर्चाची, गल्लीबोळात शिरणारी अशी दुसरी गाडी आम्हाला परवडण्यासारखी नव्हती, म्हणून आम्ही तीच ठेवली. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या हंगामाआधी तिला रंग द्यायचे ठरले. बाहेरगावच्या एका दुकानाने खामगावच्या भावापेक्षा बराच कमी भाव सांगितला आणि चार दिवसांत गाडी देतो म्हणून कबूल केले. आम्ही त्यातही घासाघीस केली. चौथ्या दिवशी गाडी आरशासारखी चमकत घरी आली. ज्याने पाहिली त्याने तारीफ केली.

पुढच्या जून महिन्यात पहिला मोठा पाऊस झाला. त्या दिवशी गाडीत लग्नसराईचा उरलेला माल होता, पांढऱ्या लठ्ठ्याचे चार ठाण आणि ड्रेस मटेरियलचा एक गठ्ठा. मुक्कामाला पोहोचून गठ्ठा सोडला, तेव्हा वरच्या घड्यांवर तांबूस पाण्याचे डाग पडलेले दिसले. कापडाच्या धंद्यातील माणसाला सांगायला नको की, गंजाचा डाग साबणाने जात नाही. तो माल आम्हाला तुकड्यांच्या भावात काढावा लागला. रंगावर जे पैसे वाचवले होते, त्याहून जास्त एका दिवसात गेले.

गाडी आम्ही खामगावातील एका जुन्या पेंटर उस्तादांना दाखवली. त्यांनी छताच्या कडेच्या पन्हळीत पेचकसाचे टोक टेकवले, ते आत गेले. पत्रा सडलेला होता. सडलेल्या भागावर कागदाचा बोळा आणि त्यावर पुट्टी भरून वरून रंग मारला होता. आम्ही त्या दुकानदाराला बरेच बोल लावले. उस्तादांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "भाई, तुम्ही त्याला दिवस किती दिले? आणि पैसे किती दिले? तेवढ्या दिवसांत आणि तेवढ्या पैशांत पत्रा कापून नवा जोडता येतो का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सडलेला पत्रा लपवणे ही त्या कारागिराची चूक होतीच. परंतु जे काम त्या भावात होऊच शकत नव्हते, ते त्या भावात मागणे ही आमची चूक होती. तेव्हापासून आम्ही या कामाची माहिती करून घेतली. जे कळले ते पुढे देत आहोत.

आधी ठरवा : रंग कशासाठी?

दुकान शोधण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही गाडी आपण अजून किती वर्षे वापरणार? उत्तर एक-दोन वर्षे असेल तर सगळ्या गाडीला भारी रंग देणे म्हणजे पैसा अडकवणे होय. उत्तर पाच वर्षे असेल तर हलका रंग देणे हे नुकसानीचे आहे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांचा मिळतो, त्यानंतर तो दरवर्षी घ्यावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या या फीमध्ये १ एप्रिल २०२२ पासून मोठी वाढ झाली. म्हणून गाडी जुनी असेल तर आजची फी किती, इंजिन व चेसिस तपासणीत टिकतील काय, हे आधी विचारून घ्यावे. ज्या गाडीचा फिटनेसच होणार नाही, तिला रंग देऊन काय उपयोग?

तिसरी गोष्ट म्हणजे पूर्ण रंगाची खरोखर गरज आहे काय? पत्रा गंजतो तो जेथे पाणी व चिखल साचतो तेथे. छताची पन्हळ, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, पायरीखालचा पत्रा आणि काचेच्या रबराभोवतीचा भाग, या पाच जागा आधी पाहाव्यात. या पाच जागांचे काम पक्के करून बाकी गाडीला फक्त रबिंग व पॉलिश केले, तरी पुष्कळ गाड्यांचे काम भागते. उन्हाने फिका पडलेला रंग दिसायला वाईट असतो, परंतु तो पत्र्याचे रक्षण करीत असतो. फुगलेला रंग मात्र लहान दिसला तरी धोक्याचा, कारण त्याच्याखाली गंज पसरत असतो.

रंगाखाली काय असते?

आपण कापडवाले ही गोष्ट लवकर समजू शकतो. मागावरून उतरलेले कोरे कापड तसेच रंगाच्या हौदात टाकले तर रंग धरत नाही. आधी त्याची कांजी काढावी लागते, तेल-मळ उकळून काढावा लागतो, मग रंग बसतो. रंगारी कितीही हुशार असो आणि रंग कितीही भारी असो, कापड नीट धुतलेले नसेल तर पहिल्याच धुण्यात फजिती होते. पत्र्याचेही असेच आहे. रंग मारणे हे काम एक-दोन दिवसांचे, त्याआधीची तयारी हेच खरे काम.

ही तयारी अशी असते. प्रथम गाडी धुऊन तिच्यावरील तेल, ग्रीस व जुने पॉलिश काढावे लागते. पॉलिशमधील सिलिकॉन पत्र्यावर राहिले तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. नंतर गंज घासून उघडा पत्रा दिसेपर्यंत काढायचा. सडलेला पत्रा कापून त्या जागी नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा. बारीक छिद्रांत राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे औषध लावतात. त्यावर प्राइमर येतो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर चांगला, त्याहून स्वस्तात रेड ऑक्साइड. नंतर पुट्टी, जिला जुने पेंटर लांबी म्हणतात. पुट्टी ही खड्डा सपाट करण्यासाठी असते, छिद्र बुजवण्यासाठी नव्हे. तिचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती उघडी ठेवली की खालचा पत्रा पुन्हा गंजू लागतो. पुट्टीवर सरफेसर, मग पाण्याने वॉटर पेपरची घासाई, आणि सर्वांत शेवटी रंग.

आता वाचक बंधूंच्या लक्षात येईल की, स्वस्त भाव सांगणारा दुकानदार पैसे कोठे वाचवतो. रंगात तो फारसे वाचवू शकत नाही, कारण रंग डोळ्यांना दिसतो. तो वाचवतो ते न दिसणाऱ्या तयारीत. म्हणून भाव विचारताना "रंगाचे किती घेणार?" असे न विचारता "रंगाआधी काय काय करणार?" असे विचारावे.

रंगाचे प्रकार

आपल्याकडे गाडीच्या कोणत्याही चांगल्या रंगाला ड्यूको म्हणण्याची रीत आहे. वास्तविक ड्यूको हे अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीच्या रंगाचे नाव. १९२३ च्या सुमारास तो मोटारींवर वापरला जाऊ लागला आणि त्यामुळे मोटार रंगवून वाळवण्याचा वेळ कित्येक दिवसांवरून थोड्या तासांवर आला. तो नायट्रोसेल्युलोज जातीचा रंग होता. हाच आपल्या पेंटरांच्या भाषेतील एन.सी. रंग.

आज दुकानात साधारण तीन पर्याय सांगितले जातात.

१) सिंथेटिक इनॅमल. हा सर्वांत स्वस्त. हवेने सावकाश वाळतो, म्हणून धूळ चिकटण्याची भीती जास्त. उन्हात तो लवकर फिका पडतो. ट्रकची बॉडी, लोखंडी फाळके, ट्रॉली यांना तो पुरेसा आहे.

२) एन.सी. रंग. झटपट वाळतो, टचअपला सोपा. परंतु चमक आणण्यासाठी पॉलिश करावे लागते. पेट्रोल सांडले की तो खराब होतो आणि उन्हापावसात फार काळ टिकत नाही.

३) पी.यू. म्हणजे पॉलियुरेथेन. यात रंगाबरोबर हार्डनर मिसळावा लागतो. हा रंग महाग, पण ऊन, पाणी व पेट्रोल यांना चांगला टिकतो. गाडी चार-पाच वर्षे ठेवायची असेल तर हाच घ्यावा. चमकी म्हणजे मेटॅलिक शेड असेल तर रंगावर क्लिअर कोटचा वेगळा थर द्यावा लागतो आणि खर्च वाढतो. साधा पांढरा रंग सर्वांत परवडणारा, शिवाय पुढे टचअप केला तरी डाग उठून दिसत नाही.

कोणी म्हणाले की "कंपनीसारखा रंग करून देतो", तर हसून सोडून द्यावे. कारखान्यात रंग चढतो तो नुसत्या पत्र्याच्या सांगाड्यावर, आणि तो सुमारे १४० अंशांच्या भट्टीत पक्का होतो. तयार गाडीत वायर, रबर, प्लास्टिक असते. ती एवढ्या उष्णतेत ठेवता येत नाही. चांगल्या दुकानातील रंगाची भट्टीसुद्धा साधारण ६० अंशांची असते.

येथे एक छोटी परीक्षा सांगतो. गाडीवर सध्या कोणता रंग आहे हे माहीत नसेल, तर पेंटरने आतल्या बाजूला एका कोपऱ्यात थिनरने भिजवलेली चिंधी घासून पाहावी. रंग चिंधीवर उतरला तर तो एन.सी. असतो. सुरकुत्या पडल्या तर इनॅमल. काहीच झाले नाही तर कंपनीचा किंवा पी.यू. जुन्या इनॅमलवर सरळ पी.यू. किंवा एन.सी. मारला तर त्यातील तेज थिनरमुळे खालचा रंग उकलतो. जो पेंटर ही परीक्षा स्वतःहून करतो, तो जाणकार आहे असे समजावे.

दुकान पाहताना

खामगावात नांदुरा रोड, अकोला रोड, शेगाव रोड या बाजूंना गॅरेजवाले आहेत आणि अकोला फक्त ५० किलोमीटरवर आहे. तेव्हा दुकानांची कमतरता नाही. निदान तीन ठिकाणी जावे आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नवी चमकणारी गाडी पाहू नये, दोन पावसाळे खाल्लेली गाडी पाहावी. दुकानदाराला विचारावे की दोन वर्षांपूर्वी रंगवलेली कोणाची गाडी गावात फिरते. चांगला कारागीर आनंदाने चार मालकांची नावे सांगतो. त्या मालकाला भेटून दाराची खालची कड पाहावी.

दुसरी, कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी अडवणारा गाळक आहे काय? हवेबरोबर पाण्याचे थेंब गेले की रंगात फोड येतात.

तिसरी, रंग मारण्याची जागा. भट्टी नसेल तरी चालते. परंतु चारही बाजू झाकलेली शेड असावी आणि जमिनीवर पाणी मारून धूळ दाबलेली असावी. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली रंग मारणाऱ्याचा भाव कितीही कमी असला तरी तेथे गाडी देऊ नये.

चौथी, काचा, रबर, दिवे, टायर यांच्यावर कागद व टेप नीट लावतात की रंग उडून गेल्यावर रॉकेलने पुसतात, हे चालू कामावर पाहावे. कडा साफ ठेवणारा माणूस आतलेही काम साफ करतो.

पाचवी, डबे पाहावेत. रंग, हार्डनर व थिनर एकाच कंपनीचे व सीलबंद आहेत काय? सुट्या ड्रममधील स्वस्त थिनरने चांगला रंगसुद्धा पांढुरका पडतो.

सहावी, उस्ताद स्वतः गन धरतो की पोरावर सोडतो? शिकाऊ मुलाने घासाई करावी, त्यातूनच तो शिकतो. पण शेवटचा हात जाणत्याचा असावा.

भावाचा हिशोब

भाव तोंडी घेऊ नये. साध्या कागदावर असला तरी चालेल, पण लिहून घ्यावा. त्यात पुढील गोष्टी वेगवेगळ्या असाव्यात : पत्र्याचे व वेल्डिंगचे काम, प्राइमर कोणता, रंगाची जात व कंपनी, रंगाचे थर किती, दरवाजांच्या आतल्या कडा धरून की सोडून, किती दिवस लागतील, बयाना किती, आणि किती महिन्यांत रंग उखडला तर पुन्हा कोणाच्या खर्चाने. गंज घासल्यावर आतून आणखी सडलेला पत्रा निघणे शक्य असते. म्हणून "जास्त काम निघाल्यास आधी दाखवून, विचारून करावे" ही ओळ लिहावी. आमच्या बाबतीत ही एक ओळ असती तर कदाचित तो कागदाचा बोळा भरलाच गेला नसता.

आता हिशोब पाहू. समजा, एका दुकानाने १५ हजार सांगितले आणि तो रंग दोन वर्षे टिकणारा आहे. दुसऱ्याने २४ हजार सांगितले आणि तो पाच वर्षे टिकणारा आहे. गाडी पाच वर्षे ठेवायची असेल तर पहिला रंग वर्षाला ७,५०० रुपयांना पडतो आणि दुसरा ४,८०० रुपयांना. म्हणजे महाग दिसणारा रंगच स्वस्त. परंतु गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर दुसरा रंग वर्षाला १२ हजारांना पडतो, आणि पहिलाच योग्य ठरतो. शिवाय गाडी जितके दिवस दुकानात उभी राहील, तितके दिवस भाड्याच्या गाडीचा खर्च यात धरावा. आकडे ज्याचे त्याने आपले टाकावेत, रीत हीच ठेवावी.

लहान दुकानाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची गरज साधारणतः नसते. नोंदणी असलेल्या दुकानाच्या पक्क्या बिलावर दुरुस्तीच्या कामाला १८ टक्के जीएसटी लागतो. आपली गाडी मालवाहू असेल आणि आपण नियमित जीएसटी भरणारे व्यापारी असाल, तर हा कर इनपुट क्रेडिट म्हणून परत धरता येतो. कंपोझिशनमधील व्यापाऱ्यांना मात्र तो मिळत नाही. तेव्हा दोन भावांची तुलना करताना हे लक्षात घ्यावे आणि आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

हंगाम

पावसाळ्यात हवेत ओल असते, रंग धुरकट पडतो. एप्रिल-मे मध्ये आपल्या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा रंग पत्र्यावर पसरण्याआधीच सुकू लागतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. वाराही धुळीचा असतो. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत बरा. मात्र हाच आपल्याकडे कापसाचा हंगाम. जिनिंगच्या आसपास हवेत सरकी-रुईचे तंतू उडत असतात. ओल्या रंगावर एक तंतू बसला तरी तो काढता येत नाही. म्हणून जिनिंगच्या जवळच्या उघड्या शेडमध्ये त्या दिवसांत गाडी देऊ नये. आणि दिवाळी किंवा ईदच्या तोंडावर तर मुळीच देऊ नये. तेव्हा आपल्यालाही घाई असते आणि पेंटरकडेही गर्दी असते. घाईचे काम कधी चांगले झालेले नाही.

कायद्याच्या गोष्टी

जुनाच रंग पुन्हा दिला तर कोणतीही नोंद लागत नाही. रंग बदलायचा असेल तर आरसीवरील रंगाची नोंद बदलून घ्यावी लागते. एमएच २८ च्या गाड्यांसाठी हे काम बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयाचे. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर पुढे दावा करताना अडचण येते. लष्करी गाडीसारखा ऑलिव्ह हिरवा रंग देऊ नये. तो केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी आहे.

चेसिस नंबरावर पुट्टी किंवा रंगाचा जाड थर येऊ देऊ नये, तपासणीत तो स्पष्ट दिसावा लागतो. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचे कुलूप एकदा तोडले की पुन्हा बसत नाही. म्हणून ती प्लेट न काढता तिच्यावर कागद लावूनच काम करायला सांगावे. मालगाडीच्या परावर्तक पट्ट्या रंगाखाली गेल्या असतील तर नव्या लावाव्यात. रात्री मलकापूर-अकोला महामार्गावर त्या पट्ट्यांचे मोल कळते.

गाडी ताब्यात घेताना

गाडी संध्याकाळी दिव्याखाली घेऊ नये, सकाळच्या उजेडात घ्यावी. एका बाजूला वाकून पत्र्यावरून नजर टाकावी, लाटा दिसतात काय ते पाहावे. पातळ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते पकडत नाही, तेथे पुट्टी जाड आहे. दरवाजाची खालची कड बोटाने चाचपावी. तिच्या पाणी जाण्याच्या छिद्रांत पुट्टी बसली असेल तर ती मोकळी करून घ्यावी, नाहीतर दारात पाणी साचून पत्रा आतून सडतो. शेवटी छतावर बादलीभर पाणी ओतून आत गळते काय ते पाहावे. आम्ही ही बादली ओतली असती तर आमचे चार ठाण वाचले असते.

उरलेला थोडा रंग छोट्या डब्यात मागून घ्यावा आणि डब्यावर शेडचा नंबर लिहून ठेवावा. एका ठाणाचा रंग दुसऱ्या ठाणाशी जुळत नाही हे आपण जाणतो, रंगाच्या डब्यांचेही तेच आहे. पहिला महिना गाडीला पॉलिश करू नये.

दुकानदाराने लेखी कबूल केलेले काम केले नाही, तर आधी चार माणसांसमोर बोलून मिटवावे. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. निव्वळ व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा यातून वगळलेली आहे. मात्र स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी गाडी चालवणाऱ्याला संरक्षण आहे. कागद हातात असेल तरच यातले काही होते.

कारागीर बंधूंना दोन शब्द

हा लेख वाचणाऱ्यांत पेंटर बंधूही असतील. त्यांना विनंती अशी की, जे काम त्या भावात होत नाही ते "होत नाही" म्हणून सांगावे. गिऱ्हाईक एखादे वेळी उठून जाईल, पण पावसाळ्यानंतर तेच परत येईल. सडलेला पत्रा मालकाला दाखवावा, कापलेला तुकडा त्याच्या हातात द्यावा. मोबाइलवर कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत. यात खर्च काहीच नाही आणि भरवसा वाढतो.

आणि आपल्या छातीची काळजी घ्यावी. पी.यू. च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेला की दम्याचा आजार जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, त्यासाठी योग्य गाळणीचा मास्क व मोकळी हवा लागते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून घासाई कोरडी न करता पाण्याने करावी. लहान मुलांना या कामाजवळ उभे करू नये. आणि गाडी देणाऱ्या व्यापाऱ्यानेही मास्कचे पैसे बिलात आले तर कुरकुर करू नये.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवतो. उस्तादांनी पूर्ण गाडी रंगवायला नकार दिला. म्हणाले, "गरज नाही, तुमचे पैसे वाया जातील." त्यांनी दोन्ही पन्हळी कापून नव्या बसवल्या, दारांच्या खालच्या कडा आणि मागच्या चाकांच्या कमानी केल्या, तेवढ्याच भागाला पांढरा पी.यू. दिला आणि बाकी गाडीला पॉलिश केले. अकरा दिवस लागले. आम्ही घाई केली नाही आणि ठरलेल्या पैशांतून एक रुपया कमी केला नाही. जवळून पाहिले तर नव्या-जुन्या पांढऱ्या रंगातील फरक आजही दिसतो. पाहणारे विचारतात, पूर्ण का नाही करून घेतले? आम्ही त्यांना गाडीचे मागचे दार उघडून आतला माल दाखवतो. त्यानंतर किती पावसाळे गेले, पण आमच्या एकाही घडीवर पुन्हा डाग पडलेला नाही.